धूर कमी, नूर जास्त!

फटाके हवेत की नकोत, यावर दरवर्षी भांडून आपण सगळेच दमलोय. पण फटाक्याकडे डिझाइन म्हणून कधी बघितलंय? पुण्याच्या पर्वतीपासून चीनच्या समुद्रापर्यंत आणि सांगलीजवळच्या एका गावापासून थेट गिरगावातल्या आमच्या वाडीपर्यंत... एका उजेडाच्या शोधाची ही गोष्ट.

दिवाळी तोंडावर आली की आमच्या ऑफिसात दोन पार्ट्या पडतात. एक 'फटाक्यांशिवाय दिवाळी कसली यार' वाली आणि दुसरी 'अजून वाजवता तुम्ही?' असं नाक मुरडून विचारणारी. कॅन्टीनमधला चहा निवेपर्यंत वाद रंगतो, मग सगळे आपापल्या डेस्कवर. मी मात्र दोन्ही पार्ट्यांतून बाहेर. कारण मला फटाके प्रचंड आवडतात आणि माझ्या बाबांना त्यांचा धूर जराही सोसत नाही.

बाबा गिरगावातल्या एका छापखान्यात ऑफसेट मशीनवर होते. चौतीस वर्षं शाई, केरोसीन आणि कागदाची धूळ. वर तरुणपणीच्या सिगारेटी, हे ते स्वतःच सांगतात. आता फुफ्फुसं थकलीत. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, धुरापासून लांब. म्हणून गेली पाच वर्षं आमच्याकडे लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ म्हणजे खिडक्या बंद, दाराच्या फटीला ओला टॉवेल आणि आतल्या खोलीत बाबा इनहेलर शेजारी ठेवून टीव्ही बघतायत, असा सीन.

आता गंमत अशी, की एकेकाळी आमच्या वाडीच्या चौकातला दिवाळीचा 'शो' बाबाच करायचे. सात भुईनळे एका ओळीत. लांब काठीच्या टोकाला फुलबाजी बांधलेली. पहिला पेटवायचा, तो पूर्ण उंचीवर आला की मनात आकडे मोजायचे आणि मगच दुसरा. कुणी घाई करून मधलाच पेटवला तर ओरडा खायचा. "एकदम सगळे लावले तर जाळ होतो. एकेक लावला तर चित्र होतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी आज लोअर परळच्या एका एजन्सीत आर्ट डायरेक्टर आहे. टायमिंग म्हणजे काय, हे मी कॉलेजात नाही शिकले. चौकात उकिडवी बसून शिकले.

गेल्या वर्षी जुलैमध्ये वाडीच्या मीटिंगमध्ये कळलं, की रिडेव्हलपमेंटचं फायनल झालंय. पुढच्या वर्षी खोल्या रिकाम्या करायच्या. म्हणजे या चौकातली ही शेवटची दिवाळी. घरी आल्यावर बाबा काहीच बोलले नाहीत. फक्त गॅलरीच्या कठड्याला टेकून बराच वेळ खाली बघत राहिले. त्या रात्री मी ठरवलं, शेवटची दिवाळी बाबा आतल्या खोलीत नाही बघणार. त्यांना चालेल असा शो करायचा. कसा? ते मात्र मला अजिबात माहीत नव्हतं.

पंधरा दिवसांची डेडलाइन

नवीन प्रोजेक्ट आला की आम्ही आधी रेफरन्स शोधतो. सवयीनं मी तेच केलं. आणि पहिला रेफरन्स सापडला तो थेट पेशवाईतला!

पुण्याच्या भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे हे भलतेच चिकाटीचे संशोधक. तांबूल, अत्तर अशा कुणाच्या लक्षात न येणाऱ्या गोष्टींचा इतिहास त्यांनी खणून काढला. भारतातल्या आतषबाजीच्या इतिहासावरही त्यांनी एक मोठा निबंध लिहिला, साधारण इ. स. १४०० ते १९०० या काळावर. त्यात १४४३ साली विजयनगरला आलेला परदेशी वकील अब्दुर रझाक आहे, सोळाव्या शतकातलं एकनाथांचं 'रुक्मिणी स्वयंवर' आहे आणि आपले महादजी शिंदेही आहेत.

किस्सा असा. महादजींनी सवाई माधवराव पेशव्यांना कोट्याच्या दिवाळीचं वर्णन ऐकवलं. तिथला राजा चार दिवस दारूकाम करतो, त्याला म्हणतात 'दारूखान्याची लंका'. रावण, राक्षस, वानर, मधोमध मोठा हनुमान, सगळे दारूचे. हनुमानाचं शेपूट पेटतं, तो उडतो आणि बघता बघता लंका पेटवत सुटतो! हे ऐकल्यावर कोवळ्या पेशव्यांना ते बघायचंच होतं. फर्मान सुटलं. महादजींनी पुण्यातले दारूकाम करणारे कारागीर बोलावले आणि सांगितलं, पंधरा दिवसांत लंका तयार पाहिजे. शो झाला पर्वतीच्या पायथ्याशी, मुद्दाम अंधारी रात्र निवडून. पेशवे आणि सरदार वर देवळातून बघत होते, पुणेकर खालून.

आता तुम्हीच सांगा, हे काय आहे? गोष्ट आहे, पात्रं आहेत, जागा निवडलीय, प्रेक्षक कुठं बसणार ते ठरलंय. क्लायंटला घाई आहे आणि डेडलाइन अशक्य आहे. सव्वादोनशे वर्षांपूर्वीचा इव्हेंट डिझाइनचा प्रोजेक्ट हो हा, दुसरं काय! यात कुठंही 'किती मोठा आवाज' हा मुद्दा नाही. आवाज हाच फटाका, हे समीकरण आपण नंतर घट्ट करून घेतलं.

हिरवे फटाके हिरवे का नसतात?

बाबांना हा किस्सा सांगितला. ते म्हणाले, "ठीक आहे, पण रंग कुठले होते?" मशीनवरच्या माणसाचा प्रश्न!

म्हणून मग रंगांचा अभ्यास. पोटॅशियम क्लोरेट वापरात आल्यावर, म्हणजे साधारण १८३० नंतर, आतषबाजीचे रंग खरे भडक झाले. त्याआधी रंग होते ते फिके. मुख्य कारभार कोळशाच्या आणि लोखंडाच्या किसाच्या सोनेरी ठिणग्यांचा. म्हणजे पेशव्यांनी पाहिलेली लंका बरीचशी सोन्याचीच असणार! आज लाल येतो स्ट्रॉन्शियमचा, पिवळा सोडियमचा, हिरवा बेरियमचा, रुपेरी ॲल्युमिनियम किंवा टायटॅनियमचा. निळा सगळ्यात अवघड. तो तांब्याचा. ज्वाला जास्त तापली की निळा देणारं संयुगच मोडतं आणि रंग पांढुरका पडतो. बाबा लगेच म्हणाले, "छपाईत पण निळाच छळतो."

पण रंग म्हणजे धातू आणि धातू म्हणजे शेवटी धूर. सुप्रीम कोर्टानं २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये बेरियमच्या क्षारांवर बंदी घातली, दिवाळीला रात्री ८ ते १० ही वेळ ठरवून दिली आणि 'ग्रीन' फटाक्यांची वाट दाखवली. २०२३ साली ग्रीन फटाक्यात तरी बेरियम वापरू द्या, ही विनंतीही कोर्टानं फेटाळली. थोडक्यात, ग्रीन फटाक्यात हिरवा रंग आणणं हेच मोठं कोडं!

हे ग्रीन फटाके आपल्या महाराष्ट्रातलेच, नागपूरच्या 'नीरी' संस्थेत आकाराला आलेले. स्वास, स्टार आणि सफल अशी त्यांची नावं. 'स्वास'मध्ये फुटताना पाण्याची वाफ सुटते आणि ती धूळ धरून ठेवते, 'सफल'मध्ये ॲल्युमिनियम कमी. २०१९ साली ते बाजारात आले. धुरातले कण किमान ३० टक्क्यांनी कमी, असा हिशोब. मी खूश होऊन बाबांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "छान. आणि उरलेल्या सत्तरचं काय?"

तिथंच माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. कमी वाईट फटाका शोधून भागणार नव्हतं. मुळात आपण फटाक्यात काय बघतो, तेच नव्यानं विचारायला हवं होतं.

आजीसाठी आभाळातली शिडी

हा प्रश्न गेली काही दशकं एक माणूस मन लावून विचारतोय. चायनीज आर्टिस्ट काई ग्वो-च्यांग. जन्म १९५७ चा. हा कॅनव्हासवर दारू पसरून ती पेटवतो आणि जळल्याच्या डागांतून चित्र काढतो. बीजिंग ऑलिम्पिकच्या उद्घाटनाला, २००८ मध्ये, आभाळातून चालत स्टेडियमकडे येणारी पावलं आठवतात? ती २९ पावलं त्याचीच.

पण मला भिडलं ते त्याचं दुसरं काम. 'स्काय लॅडर'. पाचशे मीटर उंचीची शिडी मोठ्या फुग्यानं आभाळात उचललेली आणि खालून वर पेटत गेलेली. १९९४ मध्ये इंग्लंडात जमलं नाही, २००१ मध्ये शांघायला परवानगी गेली, २०१२ मध्ये लॉस एंजेलिसलाही बेत फसला. शेवटी १५ जून २०१५ च्या पहाटे, आपल्या गावाजवळच्या एका बेटावर, फारसा गाजावाजा न करता त्यानं ती पेटवली. कुणासाठी? शंभरीच्या आजीसाठी. आजी घरी होती, तिनं ती मोबाइलवर पाहिली. महिन्याभरात ती गेली.

हे वाचलं तेव्हा मी लोकलमध्ये होते. चर्चगेट आलं तरी उठले नाही.

पण म्हणून त्याला डोक्यावर घेऊन नाचायची गरज नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये याच काईनं तिबेटच्या पठारावर हिमालयाच्या डोंगरधारेवर ड्रॅगनसारखी आतषबाजी केली, एका कपड्यांच्या ब्रँडसाठी. जगभरातून शिव्या पडल्या, चौकशी लागली, माफी मागावी लागली. एवढ्या नाजूक जागी हे कशाला, हा प्रश्न साधा होता आणि बरोबर होता. सुंदर दिसलं म्हणजे सगळं माफ, असं नसतं.

मग ड्रोन? तेही बघितलं. २०१५ साली जर्मनीत १०० ड्रोन एकत्र उडले आणि तो विक्रम होता. २९ जानेवारी २०२२ ला दिल्लीत बीटिंग रिट्रीटला १००० ड्रोन होते, आपल्याच पोरांच्या स्टार्टअपनं बनवलेले. धूर शून्य, आवाज जवळपास शून्य. भारीच! पण मी तो व्हिडिओ वाडीच्या कमिटीला दाखवला तेव्हा खजिनदार काकांनी दोनच प्रश्न विचारले. पैसे कोण देणार आणि परवानगी कोण आणणार? शिवाय आमच्या वाट्याला आभाळ येतं ते तीन बाजूंच्या गॅलऱ्यांमधला चौकोन तेवढं. त्यात हजार काय, दहा ड्रोन मावले तरी आजूबाजूला वाळत घातलेल्या साड्या घेऊन जातील.

कवठेएकंदची रात्र

दसऱ्याच्या आदल्या रात्री मी महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडली आणि सांगलीला उतरले. तिथून तासगावच्या रस्त्यावर कवठेएकंद. नाव ऐकलं नसेल तर नोंद करून ठेवा. ग्रामदैवत सिद्धराजाची पालखी निघते आणि दसऱ्याची रात्र अख्खं गाव शोभेच्या दारूनं उजळतं. इथं बाजारातून आणलेल्या बॉक्सवर काम भागत नाही. गावातली मंडळं आपापलं दारूकाम स्वतः बांधतात. आकाशात उंच जाणारे लाकडी औट, शिंगटं, गरगरणारी चक्रं, पेटती झाडं, वरून कोसळणारे ठिणग्यांचे धबधबे. पिढ्यानपिढ्यांचं हे काम.

मी तिथं 'आर्ट' शोधायला गेले होते. आधी सापडली ती धास्ती. मे २०१५ मध्ये इथल्याच फटाक्यांच्या कारखान्यात मोठा स्फोट झाला, त्यात अनेक कामगार गेले. ज्या हातांनी आपण 'वॉव' म्हणतो ती वस्तू बनते, ते हात काय जोखीम घेतात, हे गिफ्ट बॉक्सवर कुठंच छापलेलं नसतं. शिवकाशी असो की सांगली. तोंडाला रुमाल बांधून मी गर्दीत उभी होते तेव्हा आनंद आणि अपराधीपणा दोन्ही एकदम होते, हे कबूल करते.

एका चौकात चक्र पेटलं. सोनेरी रिंगण फिरलं, विझलं आणि... काहीच नाही. मिट्ट अंधार. दोन, तीन, चार सेकंद. हजारो माणसं गप्प. आणि मग त्याच अंधारातून झाड पेटलं, तळापासून शेंड्यापर्यंत. माझ्या अंगावर काटा आला. नंतर तिथल्या एका वयस्कर कारागिरांना विचारलं, ते मध्ये अंधाराचं मुद्दाम होतं का? हसले. म्हणाले, "दारू काय वो, कुणाची बी जळती. कवा थांबायचं ते कळाय पायजे."

परतीच्या गाडीत मी वहीत तीनच शब्द लिहिले. अंधार. क्रम. थांबणं.

बघा ना, पर्वतीचा शो अंधाऱ्या रात्री होता. काईची शिडी पहाटेच्या अंधुकात होती. बाबांचे सात भुईनळे एकामागून एक होते. दारू प्रत्येक ठिकाणी कमी-जास्त होती. कॉमन होती ती एकच गोष्ट, सगळ्यांनी मिळून एकाच दिशेला बघत वाट बघणं. ते तर आमच्या वाडीत फुकट होतं!

वाडीची मीटिंग

प्लॅन असा ठरला. वाडीत ५४ खोल्या, प्रत्येकीचा आकाशकंदील. पाडव्याला रात्री सव्वानऊला सगळ्यांनी घरातले, गॅलरीतले, जिन्यातले दिवे बंद करायचे. मग गणपतीतली मोठी घंटा वाजणार. एका टोल्याला एकच कंदील. तिसऱ्या मजल्याच्या कोपऱ्यापासून सुरू होऊन उजेड मजल्यामजल्यानं खाली उतरत येणार, कवठेएकंदच्या धबधब्यासारखा. तळमजल्याला पोचला की पुन्हा अंधार. त्यानंतर पोरं चौकात बेगडाच्या पताका हलवणार आणि तिन्ही मजल्यांवरून टॉर्च मारायचे. त्या झाल्या ठिणग्या. बजेट अडीच हजार, त्यातले निम्मे बेगडाचे.

विरोध झाला? झालाच. पहिल्या मजल्यावरच्या अकरा वर्षांच्या सुतळी बॉम्ब स्पेशालिस्टनं जाहीर केलं, "हे बोअर आहे." त्याचं अगदीच चुकत होतं असं नाही. धडामचा एक आनंद असतो, तो मीही घेतलाय. लवंगीची माळ सोडवून एकेक वाजवण्यात लहानपणच्या सुट्ट्या गेल्यात. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना भलतीच शंका, "पाडव्याला घरात अंधार करायचा? अशुभ नाही का?" त्यांची समजूत बाबांनी काढली. "आजी, अंधार केल्याशिवाय दिवा लावला हे कळणार कसं?"

आणि मग बाबांनीच अट घातली. "सगळं ठीक. पण शेवटी एक तरी खरा हवा."

आई भडकली. मी पण. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, असं ठणकावलं. डॉक्टर म्हणाले, मास्क लावून, लांबून, एखादा मिनिट, आणि धूर त्यांच्या दिशेनं येणार नसेल तरच. मग पुढचे चार दिवस रात्री नऊला बाबा तिसऱ्या मजल्यावर आणि मी खाली चौकात उदबत्ती घेऊन! धूर कुठं जातो ते बघायला. संध्याकाळी समुद्राकडून येणारा वारा रात्री पडतो आणि जरा वेळानं उलटा, समुद्राकडे वाहायला लागतो. चारातल्या तीन रात्री नऊनंतर उदबत्तीचा धूर वाडीच्या तोंडाकडे, रस्त्याच्या बाजूला गेला. जागा ठरली. वेळही ठरली. दहाच्या आत सगळं आटपायचं होतंच. एवढा अभ्यास मी कुठल्या क्लायंटसाठी केला नव्हता.

पाडव्याची रात्र

सव्वानऊचे साडेनऊ झाले, कारण तळमजल्यावरच्या काकांकडे पाहुणे जेवत होते. दिवे बंद झाल्यावर लक्षात आलं, की खरा अंधार मुंबईत नसतोच. रस्त्यावरचा दिवा, समोरच्या टॉवरचा उजेड. तरी डोळे सरावले. कुणीतरी मोबाइल काढला आणि तिघं एकदम खेकसले, "ठेव तो खाली!"

पहिला टोला. तिसऱ्या मजल्याच्या कोपऱ्यात एक केशरी कंदील लागला. दुसरा टोला, शेजारचा. सहाव्याला दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी घाई करून आपला आधीच लावला आणि सगळी वाडी हसली. पण विसाव्या टोल्याच्या आसपास हसणं थांबलं. कारण प्रत्येक कंदिलाबरोबर त्याच्या मागचे चेहरे दिसत होते. पंचवीस, तीस वर्षं ज्यांना रोज जिन्यात बघितलं ते सगळे, एकेक करून. काही खोल्यांत आता कुणी राहत नाही. त्यांचे कंदील शेजाऱ्यांनी लावले.

चौपन्नावा लागला, घंटा थांबली आणि पुन्हा सगळं बंद. मग बेगड. खरं सांगू? थोडं फसलं. निम्मे टॉर्च भलतीकडे, पोरांची आपसात मारामारी. पण मध्येच कधीतरी सगळे टॉर्च एका जागी आले आणि भिंतीभर चांदणं सांडल्यासारखं झालं. तेवढ्यात कुठूनतरी एक सुतळी बॉम्ब वाजला. कोण ते सगळ्यांना माहीत होतं.

शेवटी भुईनळा. वाडीच्या तोंडाशी ठेवला, पाण्याची बादली शेजारी. काठीला फुलबाजी बांधून मी पेटवायला वाकले. पहिला फुसका निघाला! वरून बाबांचा मास्कमधला आवाज, "दुसरा घे. वात मोकळी कर आधी." दुसरा लागला. आधी फुत्कार, मग गुडघाभर, मग पुरुषभर, मग पहिल्या मजल्याच्या कठड्याएवढा सोनेरी फवारा. धूर उदबत्तीसारखाच शहाण्यासारखा रस्त्याकडे गेला. तीसेक सेकंद असतील. मी भुईनळ्याकडे बघितलंच नाही. मी वर बघत होते. कठड्यावर दोन्ही हात टेकून बाबा उभे होते. आतल्या खोलीत नाही, गॅलरीत. ओठ हलत होते. आकडे मोजत होते.

तुमच्या सोसायटीत करून बघायचंय? सोपं आहे. आधी अंधारासाठी सगळ्यांना राजी करा, ते सगळ्यात कठीण काम. क्रम कागदावर लिहा. एकाच माणसाच्या हातात इशारा द्या. वाऱ्याची दिशा आदल्या तीन-चार दिवसांत उदबत्तीनं तपासा. खरा भुईनळा लावणारच असाल तर ग्रीनचा शिक्का बघून घ्या, कोर्टानं दिलेली वेळ पाळा, बादली भरून ठेवा आणि तुमच्या इमारतीत बंद खिडकीआड कोण बसलंय, हे आधी जाऊन विचारा. एकच लावा. एक पुरतो.

आता वाडी रिकामी होतेय. कुणी बोरिवलीला, कुणी डोंबिवलीला, आम्ही सध्या माहीमला भाड्यानं घर बघतोय. कंदील मात्र सगळ्यांनी मला दिलेत, माळ्यावर चौपन्न घड्या करून ठेवलेत. नवीन बिल्डिंगला गॅलऱ्या नसणार, हे प्लॅनमध्ये दिसतंच आहे. तेव्हा काय करायचं ते तेव्हा बघू.

त्या रात्री वर आल्यावर मी बाबांना विचारलं, कसं झालं? छापखान्यात चारही रंग एकमेकांवर बरोबर पडले की मशीनवरचा माणूस एकच वाक्य बोलतो. लहानपणी त्यांचा डबा द्यायला जायचे तेव्हा ते कितीदा ऐकलंय. मास्क काढून, दम खाऊन बाबा तेच म्हणाले.

"रजिस्ट्रेशन बसलं."